पेनड्राइव्ह बूट का झाला नाही

आधीच सांगून टाकतो... भूत, करणी, बाहेरची बाधा यातलं मी काहीही मानत नाही. लहानपणी परभणीला आमच्या गल्लीत एका बाईच्या अंगात यायचं. ती घुमायला लागली की मी म्हणायचो, "मावशी, जरा खाली बसून घुमा, पंख्याला हात लागेल." त्यावरून मामाच्या हातचा मारही खाल्लाय. नोकरी मिळाली तीही अशी, की उरलासुरला विश्वास उडावा. डेस्कटॉप सपोर्ट! दिवसभर लोक फोन करून सांगणार, "अहो, आपोआप उडालं, मी काहीच केलं नाही." इतकी वर्षं हे ऐकून माझं एकच मत झालंय — आपोआप काही होत नसतं. कुणीतरी काहीतरी केलेलं असतं आणि आता ते कबूल करत नसतं.

बायको म्हणते, तू जन्माला आलास तेव्हा सुईणीवर पण संशय घेतला असशील. असेल. तर अशा माणसाची ही हकीकत आहे. या सदरातले अनुभव वाचून मी दर वेळी खो खो हसत आलोय, आज तुम्ही माझ्यावर हसा.

२०१० साल. मी हिंजवडीला एका कंपनीत होतो, लग्न व्हायचं होतं. बरोबरची पोरं बावधनला, सूसला फ्लॅट करून राहायची, पण पाच जणांत एक बाथरूम हा प्रकार मला झेपेना. म्हणून मी घोटावड्यात एका शेतकऱ्याच्या घरी वरची खोली घेतली. जिना बाहेरून. खाली मालकीणबाई राहायच्या. त्यांना सगळा गाव काकी म्हणायचा, मीही काकीच म्हणायला लागलो. मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती. धाकटा मुलगा दत्ता, त्याचा जेसीबी होता आणि नुकतंच त्याने प्लॉटिंगचं काम सुरू केलं होतं. थोरला मुलगा संतोष मी राहायला येण्याच्या वर्षभर आधी मोटारसायकलवरून पडून गेला होता. त्याची बायको सुवर्णावहिनी आणि दीड वर्षाची श्रावणी. श्रावणीचा जन्मच मुळी बाप गेल्यावर दोन महिन्यांनी झालेला.

संतोष लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा. घोटावड्यापासून पिरंगुटपर्यंत कुणाच्या घरात अक्षता पडल्या की याचा कॅमेरा हजर. पण खालच्या खोलीत हार घातलेला त्याचा जो फोटो होता ना, तो मतदान ओळखपत्रावरचा मोठा केलेला होता. नाक कुठं संपतं आणि ओठ कुठं सुरू होतात तेही कळायचं नाही. काकी म्हणायच्या, "आख्ख्या गावाचं फोटू काढलं त्यानं, आन ह्याचा येक बी धड न्हाई."

त्याची दुसरी ख्याती म्हणजे उशीर. शूटिंग झकास, पण सीडी मागायला लोकांच्या चपला झिजायच्या. मी राहायला आल्यावरसुद्धा एक जोडपं दारात आलेलं मी पाहिलंय — कडेवर मूल, आणि म्हणतात, "काकी, आमच्या लग्नाची सीडी राहिली हो संतूकडं." काकी फटकन म्हणाल्या, "मग वर जाऊन माग की त्येच्याकडं!" आणि आत जाऊन पदराने डोळे पुसत बसल्या. शेवटी दत्ताने पिरंगुटच्या दुसऱ्या एका शूटिंगवाल्याला घरी आणून राहिलेल्या सगळ्या सीड्या करून घेतल्या आणि लोकांना वाटल्या. ते काम संपलं आणि काही दिवसांनी संतोषचा कॉम्प्युटरही बसला. निळा पडदा यायचा आणि पुन्हा बंद.

जून संपत आला होता. एका रविवारी दत्ता वर आला.

"इंजिनेर, आमच्या डब्याला नवी विंडोज टाकून दे की. पिरंगुटला हापीस टाकतुया, तितं न्यायचाय."

"देतो की. जुनं काय काय ठेवायचं?"

"काय बी न्हाई. पार धुवून काढ. परत कुणाला काढाया येणार न्हाई असं."

माझे कान टवकारले. सपोर्टमध्ये पहिला धडा हाच असतो — 'परत काढता येणार नाही असं पुसा' म्हणणाऱ्या माणसाचं काहीतरी त्यात असतं. मी त्याच्याकडे नीट बघितलं. तो जिन्याकडे बघत होता.

खाली गेलो तर कॉम्प्युटर वहिनींच्या खोलीत. संतोषचीच खोली ती. कॅबिनेटवर मागच्या खंडेनवमीचं हळदकुंकू अजून होतं, वापरणारा गेला तरी मशिनला काकींनी झेंडूचं फूल वाहिलेलं, ते वाळून चिकटलं होतं. वहिनी दारात उभ्या होत्या.

"महेशभाऊ, त्यात आमचं घरचं काय आसंल तर तेवढं बगा हां. माझ्या डोहाळजेवणाचं शूटिंग केलं हुतं त्यांनी. त्याची सीडी राहिली."

"वयनी, त्या शूटिंगवाल्यानं बघितलंय की समदं," दत्ता म्हणाला. "न्हाई त्यात. टेपा तर कवाच पुसून वापरल्या आन कॅमेऱ्यासंगं इकून बी टाकल्या."

मी "बघतो" म्हटलं, आपण कुणालाही म्हणतो तसं.

त्या मशिनचा सीडी ड्राइव्ह अडकलेला होता, उघडायचाच नाही. म्हणून पेनड्राइव्ह. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी — नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची तर तिचं सेटअप सीडीवर लागतं, आणि सीडी चालत नसेल तर ते पेनड्राइव्हवर घेता येतं. पण नुसत्या फाइली कॉपी करून भागत नाही. पेनड्राइव्ह आधी पूर्ण पुसायचा, मग मशिनने चालू होताक्षणी तिथूनच सुरुवात करावी अशी त्यावर खूण करायची, आणि मग सेटअप भरायचं. याला बूटेबल पेनड्राइव्ह म्हणतात. आता हे सर्रास झालंय, त्या वर्षी काळ्या पडद्यावर एकेक कमांड टाइप करून करावं लागायचं. त्यात एक आकडा चुकला तर पेनड्राइव्हऐवजी स्वतःचीच हार्ड डिस्क साफ. मी तीनदा आकडा तपासतो, मग एंटर मारतो. आणि केलेली प्रत्येक गोष्ट वहीत टिपून ठेवतो. ती वही आजही माझ्याकडे आहे, म्हणून एवढ्या खात्रीने लिहितोय.

पहिला रविवार. माझ्याच चार जीबीच्या चंदेरी पेनड्राइव्हवर सेटअप घेतलं. माझ्या लॅपटॉपवर चालवून पाहिलं... एकदम ओके, इन्स्टॉलचा पडदा आला. खाली जाऊन संतोषच्या मशिनला लावलं. आधी यूएसबी बघ असं सेटिंग केलं. चालू केलं. काळा पडदा, कोपऱ्यात एक रेघ लुकलुकतेय, बस्स. पेनड्राइव्हचा दिवा मात्र भराभरा उघडझाप करत होता. मला वाटलं, वाचतोय, वेळ लागेल. पंधरा मिनिटं थांबलो. काही नाही. काढून वर आणला, लॅपटॉपला लावला, आणि सेटअप गायब! एकही फाइल नाही. त्याऐवजी एकच फाइल, नावाच्या जागी नुसते आकडे, कुठल्या प्रकारची तेही लिहिलेलं नाही. वहीत टिपलंय: ३१० एमबी.

व्हायरस, दुसरं काय. तेव्हा पेनड्राइव्ह म्हणजे व्हायरसचं आगारच होतं. मी ती फाइल उघडलीही नाही. सगळं पुसलं, तासाभराने पुन्हा सेटअप भरलं, पुन्हा लॅपटॉपवर तपासलं, पुन्हा खाली. तेच. काळा पडदा, लुकलुकणारी रेघ, धावणारा दिवा. वर येऊन बघतो तर सेटअप गायब आणि तीच आकड्यांची फाइल. फक्त आता १.१ जीबी.

आता मला सांगा, ज्या मशिनमधली विंडोज मेलेली आहे ते मशिन फाइल कॉपी करणार कसं? फाइल कॉपी करायला आधी कुणीतरी जागं असावं लागतं ना आत! काळ्या पडद्यावर मशिन फक्त विचारत असतं, कुठून सुरू होऊ? त्यापलीकडे त्याला काही येत नाही. म्हणजे मशिनने काही केलेलं नव्हतं. म्हणजे माणसाने केलं होतं. पेनड्राइव्ह बदलला जात होता.

मी संशयाला लागलो की मग काय विचारता. खोलीत कोण येऊन-जाऊन होतं? वहिनी. श्रावणीची झोळी तिथेच बांधलेली, त्या दर दोन मिनिटांनी झोका द्यायला येत होत्या. आणि दोन्ही वेळा मी मध्ये उठून ओसरीवर दत्ताबरोबर चहा प्यायलो होतो. कपाटात संतोषच्या वस्तूंचा एक डबा होता, त्यात वायरी, कार्डं आणि दोन पेनड्राइव्ह. त्यातला एक अगदी माझ्यासारखा, चंदेरी, चार जीबी! कारणही मिळालं — नवऱ्याची वस्तू दिराच्या ऑफिसात जाऊ नये असं तिला वाटत असणार. वाटणारच. पण मग तोंडाने सांगा ना! मला का येड्यात काढताय?

पुढच्या रविवारी मी तयारीने गेलो. पेनड्राइव्हला पांढरी पट्टी गुंडाळली, पट्टीच्या जोडावर निळ्या पेनाने सही ठोकली. दुपारचे दोन वाजले होते, बाहेर पाऊस. मशिनसमोर खुर्ची टाकून बसलो आणि ठरवलं, आता चहा नाही की पाणी नाही. दहा मिनिटं तसाच बसलो. दिवा धावतोय, पडदा काळा. तेवढ्यात काकींची हाक, "महेश, आरं मोटार बंद कर रं, टाकी भरून व्हातीया!"

गेलो. पाच मिनिटांत परत आलो. वहिनी मशिनजवळ उभ्या, कडेवर श्रावणी, आणि श्रावणीचा हात कॅबिनेटवर.

मी पेनड्राइव्ह उपसला, वर जाऊन लावला. सेटअप गायब. आकड्यांची फाइल. २.३ जीबी.

इथे एक कबुली देतो. पट्टी शाबूत होती. सही जिथल्या तिथे होती, रेघसुद्धा हललेली नव्हती. मला ते दिसत होतं. पण डोक्यात एकदा माणूस ठरला की डोळे कोण विचारतो? मी ताडताड खाली उतरलो.

"वहिनी, मी काही दूधखुळा नाही. तीन वेळा झालं. तुम्हाला मशिन द्यायचं नसेल तर सरळ सांगा ना, असले खेळ कशाला?"

"कसलं खेळ?"

"माझा पेनड्राइव्ह कोण बदलतंय?"

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं, तसा चेहरा पांढरा पडला. "महेशभाऊ, मला त्यो डब्बा चालूसुदिक कराया येत न्हाई. पोरगी हात लावती तेवढंच, मी तिला आवरती. मी कशाला तुमचं काय बदलू?"

"मग काय आपोआप झालं?"

एव्हाना काकी आल्या होत्या, दत्ता आला होता. काकींनी माझी बाजू घेतली. वर राहणारा शिकलेला पोरगा खोटं कशाला बोलेल! "अगं, दत्तूचा धंदा उभा ऱ्हातोय तर तुझ्या पोटात का दुखतंय? द्यायचं नव्हतं तर आदी बोलायचं. आसं चोरावानी..."

"चोर म्हनू नका, आत्या," वहिनी एवढंच म्हणाल्या. आवाज चढवला नाही की रडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो तोवर श्रावणीला घेऊन त्या पौडच्या एसटीत बसल्या होत्या. माहेर पौडच्या पुढे, आत.

मला वाईट वाटलं का? नाही वाटलं. खरं सांगतो, पटलं. म्हटलं, चोराच्या मनात चांदणं.

त्या आठवड्यात मी त्या मशिनची हार्ड डिस्क काढली आणि एका केसमध्ये घालून लॅपटॉपला जोडली. पुसायच्या आधी वर वर नजर टाकली. लोकांच्या आडनावांचे फोल्डर, पुढे तारखा. प्रत्येकात 'फायनल' आणि 'रॉ' असे दोन भाग. फायनल म्हणजे गाणी वगैरे टाकून केलेली सीडी, रॉ म्हणजे कॅमेऱ्यातून उतरवलेला कच्चा माल. 'घर' किंवा 'डोहाळजेवण' नावाचं काही दिसलं नाही. सीड्या सगळ्यांना पोचल्यात, कच्चा माल कुणाला हवाय? मी तीनदा आकडा तपासला आणि डिस्क कोपरान् कोपरा पुसणारी कमांड दिली. दोन तास चालली. त्यानंतर जगातल्या कुठल्याही सॉफ्टवेअरने काही परत येत नाही.

पुसून झाल्यावर मी दत्ताला सरळ विचारलं, "आता तरी सांग, होतं काय त्यात एवढं?"

तो ओशाळला. "लोकांच्या लेकीबाळींची शूटिंगं हुती रं. हळदीची, नाचायची. हापिसात धा लोकं येनार. कुणी उचलून मोबाईलवर फिरवली तर गावात त्वांड दाखवाया जागा ऱ्हाईल का? दादाच्या नावाला बट्टा नगं."

म्हणजे ज्याच्यावर पहिला संशय घेतला तो तर निघाला सज्जन. तरी माझी अक्कल ठिकाणावर आली नाही.

डिस्क परत बसवली आणि ऑफिसमधून आणलेल्या दुसऱ्या पेनड्राइव्हने मशिन चालू केलं. पहिल्या झटक्यात बूट झालं! तेच मशिन, तेच सेटिंग, यूएसबीचं तेच भोक. अर्ध्या तासात विंडोज बसली, दत्ता टेम्पोत घालून घेऊन गेला. मी मनात म्हटलं, बघा, वहिनी गेल्या आणि प्रॉब्लेम गेला.

सही केलेला पेनड्राइव्ह माझ्या बॅगेत तसाच पडून होता. दोन आठवड्यांनी ऑफिसात एका कामाला लागला म्हणून काढला. पुसणार होतो... पण व्हायरस कुठला ते बघावं असा किडा डोक्यात आला. आमच्याकडे असल्या कामासाठी नेटवर्कपासून तोडलेलं एक मशिन होतं. त्यावर ती फाइल तपासली. व्हायरस निघाला नाही. वाट्टेल ते चालवणारा एक प्लेअर असतो, त्यात सहज ओढून टाकली.

व्हिडिओ सुरू झाला.

घोटावड्याची ओसरी. पाटावर हिरवी साडी नेसलेली, फुलांचे दागिने घातलेली बाई. सुवर्णावहिनी. पोट पुढे आलेलं, सातवा महिना असावा. भोवती बायकांचा गलका. आणि कॅमेऱ्याच्या मागून, अगदी जवळून, एका पुरुषाचा आवाज, "हिकडं बग. हितं... माज्याकडं. आगं हास की, का रेशनच्या लाइनीत बसलीयास?"

मी तो आवाज कधी ऐकलेला नव्हता. तेवढ्यात व्हिडिओतल्या काकींनी हाक मारली, "संतू, आदी दोन घास खा, मग काड काय काडायचं त्ये."

मी पटकन बंद केलं. दोन मिनिटंही झाली नव्हती. पँट्रीत जाऊन बसलो. शेजारचा विचारतोय, "काय रे, बरं नाही का?" आणि मी त्याला सांगतोय, "व्हायरस निघाला नाही."

भीती वाटली, हो. पण त्याहून जास्त दुसरंच काहीतरी वाटलं. लग्नाच्या सीडीत शूटिंगवाल्याचा आवाज कधीच नसतो. तो कापून वर सनई नाहीतर गाणं टाकतात. म्हणजे हा माणूस इतकी वर्षं शेकडो लग्नांत "हिकडं बघा, हसा" म्हणत होता आणि त्याचा आवाज फक्त कच्च्या मालात होता. गावातल्या कुठल्याच सीडीत नाही. त्या एका डिस्कवर होता, आणि तो मी दोन तास बसून कोपरान् कोपरा पुसला होता. डोहाळजेवणाचा तुकडासुद्धा तिथेच कुठल्यातरी आडनावाखाली पडलेला असणार. जिने "तेवढं बगा" म्हटलं तिला मी बघतो म्हणालो आणि बघितलं नाही. वर चोर ठरवलं. त्या मुलीने बापाला पाहिलेलं नाही, त्याचा धड फोटो नाही... आणि आवाज मी संपवला. उरलं होतं ते एवढंच, या पट्टी लावलेल्या पेनड्राइव्हवर.

संध्याकाळी वही काढली. ३१० एमबी. १.१ जीबी. २.३ जीबी. फाइल एकच होती. मी दर वेळी ती पुसत होतो, आणि दर वेळी ती आधीपेक्षा मोठी होऊन येत होती. कॉपी अर्धवट राहावी आणि कुणीतरी चिकाटीने पुन्हा करायला घ्यावी, तशी.

व्हिडिओ पुढे बघायची हिंमत झाली नाही, आणि ते दुसऱ्याच्या घरातलं खासगी होतं. न बघताच त्याची डीव्हीडी केली, वर मार्करने 'डोहाळजेवण' लिहिलं, आणि शनिवारी पौडची एसटी धरली.

वहिनींच्या माहेरी त्यांच्या आईने मला उंबऱ्यातच उभं केलं. "ह्योच का त्यो, चोर म्हननारा?" मी पायातल्या चपला काढून तिथेच उभा राहिलो. वहिनी बाहेर आल्या.

"वहिनी, चुकलं माझं. तुम्ही काही बदललं नव्हतं."

"त्ये मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "तुमाला कसं कळलं?"

मी डीव्हीडी पुढे केली. त्यांनी वरचं नाव वाचलं. मग आत जाऊन ती प्लेअरमध्ये घातली. टीव्ही लाकडी पेटीवर ठेवलेला होता, समोर श्रावणी चमचा आपटत बसली होती.

"हिकडं बग. हितं... माज्याकडं."

वहिनींनी तोंडात पदर कोंबला. श्रावणीचा चमचा थांबला. अकरा मिनिटं कुणी जागचं हललं नाही. टीव्हीतल्या बायका नाव घ्यायचा आग्रह करत होत्या, काकी ओटी भरत होत्या, आणि तो मागून सगळ्यांची फिरकी घेत होता. शेवटाला एक म्हातारी कॅमेऱ्यापुढे येऊन हात नाचवत म्हणाली, "आरं संतू, लोकांच्या सीड्या वरीस वरीस देत न्हाईस, बायकूची तरी दिशील का येळंवर?"

बायका फिदीफिदी हसल्या. तोही हसला, कॅमेरा हलला.

"येळंचं सांगत न्हाई आज्जे," तो म्हणाला. "पर हिची देनार. काय बी झालं तरी देनार."

आणि पडदा काळा.

श्रावणी उठली. तुरुतुरु टीव्हीमागे गेली, वाकून बघितलं, पेटीच्या मागे हात घातला. कोण बोलतंय ते शोधत होती. वहिनी तिला उचलायला उठल्या आणि मध्येच खाली बसून रडायला लागल्या... इतक्या दिवसांचं. त्यांच्या आईने पाठीवर हात ठेवला तेव्हा रडत-रडतच हसल्या आणि म्हणाल्या, "येळ लावला, पर दिली बग."

मी पेनड्राइव्हही त्यांच्याकडेच ठेवला, पट्टीसकट. पुढच्या आठवड्यात दत्ता स्वतः जाऊन दोघींना घेऊन आला. काकींनी सुनेची माफी मागितली नाही, पण त्या दिवशी पुरणपोळी केली आणि पहिली तिच्या ताटात वाढली. मी पुढे वर्षभर तिथे राहिलो. वहिनी माझ्याशी नीट बोलायच्या, पण दिल्या चहाचा कप उचलायला त्या कधी माझ्या खोलीत आल्या नाहीत. दाराबाहेर उभं राहून मागायच्या. ते मी कमावलेलं होतं.

आता तुम्ही विचाराल, याचा अर्थ काय. मी माझ्या धंद्यातल्या भल्याभल्यांना विचारलंय. एक म्हणाला, पेनड्राइव्ह आधी संतोषचा असेल. नव्हता, मी परभणीहून आणला होता. दुसरा म्हणाला, वहिनींना सगळं येत असेल आणि त्या नाटक करत असतील. मग पट्टीवरची सही? आणि बंद पडलेल्या मशिनमधून सव्वादोन जीबी कॉपी कसं केलं, ते मला करून दाखवा. मी स्वतः तसं मशिन उभं करून चार वेळा प्रयत्न केलाय. होत नाही. होऊच शकत नाही.

मी अजूनही भूतबित मानत नाही. अजूनही कुणी फोनवर म्हणालं, "अहो, आपोआप झालं, मी काहीच केलं नाही," तर माझ्या तोंडावर हसू येतं. फक्त आता मी लगेच कुणाचं नाव घेत नाही. आणि कुणाचंही मशिन पुसायच्या आधी घरातल्या बाईमाणसाला शेजारी बसवून एकेक फोल्डर उघडून दाखवतो. कितीही वेळ लागला तरी.